‘ओहोटीची शाळा’, भाग पाचवा

“पडद्यावर माझं नाव आलं म्हणजे मी बरी आहे असं समजू नकोस हं,” माझी मैत्रीण कानाए मला म्हणाली होती. तोक्योतल्या नाकानो स्टेशनच्या मागे एक सोबा नूडल्सचं दुकान आहे, तिथे आम्ही बसलो होतो. नाहो तेव्हा पोटात होती. सूपच्या वाफेनेसुद्धा मला मळमळत होतं, आणि नवऱ्याची बदली दूर उत्तरेला, कुशिरोला झाली हे तिला कसं सांगावं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. तिच्या बोलण्याकडे माझं अर्धंच लक्ष होतं. “बरं बाई,” मी म्हटलं, “आणि मी बाळाचा हसरा फोटो पाठवला म्हणजे माझी झोप झालीय असं तूही समजू नकोस.” ती हसली, मीही हसले. मग तिने माझ्या वाडग्यातली तळलेली कोळंबी न विचारता उचलली आणि म्हणाली, “तुला जात नाहीये ना, मग कशाला तिला बुडवून ठेवलीयस.”

या बुधवारी दुपारी एक मूल जिन्यावरून उतरलं. एवढंच झालं. नाहो शेजारी झोपली होती, तळहातांवर आणि तोंडाभोवती फोड, अंगात ताप. उन्हाळ्यात पाळणाघरांतून फिरतो तोच आजार. बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं आणि समोरच्या इमारतीची फक्त वाळत घातलेली एक पांढरी चादर दिसत होती, इमारत नव्हतीच. मी आवाज अगदी बारीक करून ‘ओहोटीची शाळा’चा पाचवा भाग लावला. तुम्ही ही अ‍ॅनिमेशन मालिका बघत असाल तर तुम्हाला ठाऊक आहे: बेटावरची शाळा, भरती आली की पाण्याखाली जाते, आणि ओहोटीच्या तेवढ्या वेळात मुलं ओल्या बाकांवर बसून शिकतात. नायिका मिनामोचा धाकटा भाऊ दारातून बाहेर आला आणि जिना उतरून खाली गेला. पाय एकापुढे एक, हात मोकळे, तोंड समोर. आपण मोठी माणसं उतरतो तसा. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग नाहोच्या नाकाखाली बोट धरलं. ही माझी सवय आहे, ती जन्मल्यापासूनची. श्वास गरम होता, नेहमीपेक्षा जास्त गरम, पण येत होता, जात होता. पडद्यावरच्या मुलाच्या नाकाखाली मला बोट धरता येत नव्हतं.

दर बुधवारी इथे येऊन माझी परीक्षणं वाचणाऱ्यांना आजचं हे लिखाण विचित्र वाटेल. कथा कुठे चालली, संगीत कसं होतं, शेवटचं गाणं बदललं का, यातलं आज काही नाही. तिसऱ्या भागानंतर ही मालिका बहुतेकांनी सोडली, ते मला माहीत आहे. तीन भाग पाहायचे, आवडली तर ठेवायची, नाही तर सोडायची हा आपला सगळ्यांचाच रिवाज, आणि या मालिकेत तीन भागांत काही घडलंही नव्हतं. भरती आली, ओहोटी आली, मुलांनी दप्तरं वाळवली. जिथे आधी परीक्षणं यायची तिथे आता नव्या मालिकांची परीक्षणं आहेत. मी चिकटून राहिले ते कथेसाठी नव्हे. मी एका हातासाठी ही मालिका बघते. तो हात आहे तोवर बघायची असं ठरवलं होतं. हात जाईल असं कधी मनात आलं नव्हतं.

कानाएने काढलेली माणसं थांबतात, पण एकदम थांबत नाहीत. चालणारी मुलगी उभी राहिली की तिचा परकर अजून जरासा पुढे जातो, मग परत येतो, मग त्याच्या कडेची एक चुणी परत आल्यावरही थोडी हलते. कुणी कप खाली ठेवला की बोटं कपाला क्षणभर तशीच धरून राहतात, जणू ठेवला हे बोटांना उशिरा कळतं. हे इतकं बारीक असतं की पाहणाऱ्याला दिसत नाही, फक्त त्या माणसाबद्दल माया वाटायला लागते. मुख्य चित्रं काढणारे एका भागात वीस-तीस जण असतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे कट, म्हणजे दृश्याचे तुकडे, आणि वरून दुरुस्ती करणारा सगळ्यांचे चेहरे एकसारखे करून टाकतो. पण चेहऱ्यावरून मी तिला शोधतच नाही. कुणी थांबलं की मी बघते, थांबल्यावर काही उरतंय का. उरलं, की ती.

कॉलेजात आमच्या अ‍ॅनिमेशन क्लबची खोली व्यायामशाळेच्या वर होती. खालून दिवा लागणारं एकच टेबल, त्याची काच हिवाळ्यात ऊबदार असायची म्हणून सगळे तिच्यावर हात शेकायचे आणि कानाए ओरडायची की कागद घामेजतो. ती काढायची, मी उतरायचे. म्हणजे खरंच उतरायचे, जिना, पुन्हा पुन्हा. “पुन्हा उतर,” ती खालून म्हणायची, गुडघ्यावर कागदांचा गठ्ठा. “नाही, तू विचार करत उतरतेयस.” “मग काय डोळे मिटून उतरू?” “उतर. पडलीस तर तेही काढीन.” मीही काढायचे तेव्हा, वाईट नव्हते काढत. पण तिने माझं उतरणं कागदावर घेतलं आणि कागद बोटांतून फडफडवून दाखवले, तेव्हा त्यात मी होते, माझा डावा खांदा मी नकळत वर उचलते तोसुद्धा होता, आणि मला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं की त्यानंतर मी स्वतः काढणं हळूहळू सोडलं. बघणं सोडलं नाही. मग मी शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात गेले, ती या कामात गेली, पहिल्या वर्षी एका खोलीत राहिलो. तिच्या टेबलावर एक लहान आरसा असायचा, त्यात बघून ती रडण्याचे, शिंकण्याचे, जांभईचे चेहरे करायची आणि काढायची. मी कामावरून परत यायचे तर ती आरशात बघून कुणावर तरी भयंकर चिडलेली असायची. “कोणावर?” “अजून ठरलं नाही. संवाद यायचेत.”

कुशिरोला आल्यावर आमचं बोलणं फोनवर, मग फोनवरून संदेशांवर, मग संदेशांतून नुसत्या चित्रांवर आलं: अस्वल मान डोलावतंय, मांजर पाय पसरून पडलंय. नाहो जन्मली तेव्हा तिने अस्वलाला रडवलं. मी रागावले नाही, माझ्याकडेही दुसरं काय होतं? दूध, उलटी, कपडे, धुकं. माझा नवरा शिन्या बंदरावर शीतगृहांची यंत्रं बघतो, तो संध्याकाळी माशांचा गारवा अंगावर घेऊन येतो, आणि तोपर्यंत दिवसभरात मी फक्त एका न बोलणाऱ्या माणसाशी बोललेली असते. त्याच दिवसांत मी हा ब्लॉग सुरू केला. दुपारी नाहो झोपली की एक भाग, मग जागी होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं. कानाएला मी कधी सांगितलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. पण एकदा मी लिहिलं होतं की अमुक दृश्यात मुलीची बाही फार सुंदर पडली आहे, आणि दुसऱ्या दिवशी अस्वलाऐवजी शब्द आले: “बाही नाही गं. खांदा दमलाय तिचा.” बस्स. त्यानंतर मला ठाऊक होतं की ती वाचते, आणि तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे, आणि दोघींनी ते तसंच ठेवलं. टेबलावर ठेवलेल्या एखाद्या फळाला दोघींनीही हात लावू नये तसं.

या उन्हाळ्यात ‘ओहोटीची शाळा’ सुरू झाली. दुसऱ्या भागात मिनामोचा भाऊ पहिल्यांदा आला आणि मी परीक्षणात तक्रार केली. लिहिलं की पडद्यावरची लहान मुलं म्हणजे लहान कपडे घातलेली मोठी माणसं असतात. माझी मुलगी दीड वर्षाची आहे, ती जिन्याच्या तोंडाशी येते, थांबते, वळते, आणि पाठमोरी उतरते. हात वरच्या पायरीवर, पोट पायरीला टेकलेलं, आणि पायाचा अंगठा खाली हवेत काहीतरी शोधत असतो. अंगठ्याला पायरी सापडेपर्यंत तिचा चेहरा अगदी गंभीर असतो, जणू खाली जग आहे की नाही हे अजून नक्की झालेलं नाही. हे लिहिलं, आणि नाहो उठली म्हणून शेवट न करताच छापून टाकलं. पुढच्या बुधवारी तिसऱ्या भागात मिनामोचा भाऊ शाळेच्या जिन्याशी आला. थांबला. वळला. पोट टेकवलं. ओल्या पायरीवरून त्याचा अंगठा खाली आला आणि हवेत इकडेतिकडे चाचपत राहिला, सापडली पायरी, आणि सापडल्यावरही अंगठा एकदा परत हलला, खात्री करायला.

मी तोंडावर उशी धरून रडले. नाहो जागी होऊ नये म्हणून. किती दिवसांनी कुणी मला उत्तर दिलं होतं!

मग मला नादच लागला, दुसरा शब्द नाही. परीक्षणात मी कथेबद्दल दोन ओळी लिहायचे आणि मग नाहोबद्दल, नाव न घेता. तिसऱ्या भागाच्या परीक्षणात लिहिलं की गरम पेज थंड करायला मुलं फुंकर मारतात ती आत मारतात, ओठ पुढे करून हवा ओढून घेतात, आणि पेज थंड झाली असं त्यांना वाटतं. चौथ्या भागात मिनामो भावाला पेज भरवते. त्याने ओठ पुढे केले आणि गाल आत गेले. मी टाळी वाजवली, खरोखर वाजवली, आणि नाहोनेही बघून वाजवली. त्या आठवड्यात मी रस्त्याने हसत चालले होते. भाजीच्या दुकानातल्या बाईने विचारलंही, “काय, नवरा रजेवर आला की काय?” मनात मी पुढच्या परीक्षणात काय विचारायचं याची जुळणी करत होते: कानाए, ती स्वतःच्या सावलीवर पाय देत नाही, वळसा घालते, हे काढशील? दिवसभर मी नाहोकडे तिच्यासाठी बघत होते. डोळे माझे होते आणि हात तिचा, आणि मधे समुद्र, धुकं, कित्येक गावं, सगळं पातळ होत होत नाहीसं झालं होतं. इतकं पातळ, की मधे काळ असतो हेही मी विसरले.

रविवारी सकाळी शिन्याला मी हे सगळं सांगितलं. तो मासा सोडवत होता, काटे एका बाजूला रचून. ऐकून घेतलं, मग म्हणाला, “मग तिने हे काढलं कधी?”

“म्हणजे?”

“अगं, तू लिहितेस बुधवारी. दाखवतात मंगळवारी. आमच्याकडे एक पंप बदलायचा तरी महिना जातो. इथे तर काढायचं, मधली चित्रं काढायची, रंगवायचं, आवाज बसवायचा. तूच म्हणाली होतीस ना, महिनोन्महिने आधी तयार असतं म्हणून?”

“असतं.”

“मग?”

मी भांडी घासत होते. मी नळ बंद केला. मलाच हे ठाऊक होतं, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. आम्ही एका खोलीत राहत होतो तेव्हा अशाच एका मालिकेच्या वेळी मी कानाएला भिंतीला टेकून, पेन्सिल हातात धरून, उभ्यानेच झोपलेलं पाहिलं होतं. भाग तयार नसतो, प्रसारणाची तारीख मात्र ठरलेली असते, आणि मग जो ‘हो’ म्हणेल त्याच्यावर कट येऊन पडतात. कानाएला ‘नाही’ म्हणता येत नाही. चौथ्या भागाच्या शेवटी दुरुस्ती करणाऱ्यांची नावं इतकी झाली होती की ती पडद्यावरून पळत गेली. असं झालं की घराला आग लागलीय असं समजायचं, हे आपल्यातलं कुणीही सांगेल. मी ती नावं पाहिली होती. त्यात तिचं नाव शोधत होते म्हणून ती किती आहेत हे दिसलंच नव्हतं. एका आठवड्यात आलेलं उत्तर मी माया म्हणून घेतलं. ती माया होतीच. पण ते उत्तर एका आठवड्यात येऊ शकलं याचा अर्थ तिच्यासमोर एका आठवड्यापलीकडचं काहीच नव्हतं. माझं परीक्षण आलं तेव्हा तिचा कागद अजून कोरा होता, आणि तो कोरा कागद भरायला तिने नाहोला घेतलं.

मी लगेच संदेश पाठवला. “झोपतेस ना?” तो वाचल्याची खूण आली नाही. दुसरा पाठवला, तिसरा, नाहोचा फोटो. खूण नाही. फोन वाजत राहायचा, मग दुसऱ्या दिवसापासून वाजेनासा झाला. त्या मंगळवारी नवा भाग आलाच नाही, जुन्या भागांतली दृश्यं जोडून आढावा दाखवला आणि अधिक चांगल्या दर्जासाठी हा बदल करत आहोत, क्षमस्व, असं लिहिलं. तुमच्यातले काही त्यावर हसले, मी ते वाचलं. मला मात्र बरं वाटलं. वाटलं, सुटी मिळाली, झोपली असेल, फोन बंद करून तीन दिवस झोपली असेल, तशी ती झोपते. जुन्या दृश्यांत तो अंगठा पुन्हा एकदा हवेत हलला, आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडे ती जिवंत असल्याची खूण म्हणून बघत राहिले. तो तर आधीच्या आठवड्यांतला अंगठा होता. मेलेल्या ताऱ्यांचा उजेड येत राहतो, तशी आम्ही ही माणसं बघत असतो.

आणि मग या बुधवारचा जिना, ताठ मानेने उतरणारा तो मुलगा. शेवटी नावं आली, त्यात तिचं नाव होतं.

मी स्टुडिओत फोन लावला. काम वाटणाऱ्या बाईंनी उचलला, निशिवाकी म्हणून, आवाज सर्दी झाल्यासारखा. “त्या आमच्याकडे नोकरीला नाहीत हो,” त्या म्हणाल्या, “घरून करतात.”

“त्यांना शेवटचं कुणी पाहिलं?”

“पाहिलं म्हणजे... आम्ही कटांचं पाकीट पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवतो. त्या झालेलं काम अडकवून ठेवतात. आमची गाडी फिरते. भेट अशी होत नाही कुणाची.”

“मग या वेळी?”

“या वेळी आम्ही अडकवलेली पिशवी तशीच होती. गाडीवाल्याने ती परत आणली, कट दुसऱ्याला दिले. वेळच नव्हता हो बाई.”

“पण नाव आहे की त्यांचं.”

“नावं आधी टाइप करून ठेवलेली असतात. राहिलं असेल काढायचं.”

“बेल वाजवली का त्याने?”

“बेल आम्ही वाजवत नाही,” त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला, हळू झाला. “झोपलेल्या असतात. त्यांनीच सांगितलंय, वाजवू नका म्हणून. सगळेच सांगतात.”

पत्ता त्यांना देता येत नाही, नियम आहे. कुणाला तरी पाठवते म्हणाल्या, सोमवारी, पुढचा भाग हातावेगळा झाला की. मी तिच्या वडिलांना मियाझाकीत फोन केला. ते एकटेच असतात, कान कमी झालेत. “कानाए? छान आहे की,” ते मोठ्याने म्हणाले, “मंगळवारी टीव्हीवर नाव आलं तिचं. मी फोटो काढून ठेवतो दर वेळी.” मी म्हटलं, तिचा नवा पत्ता द्याल का. ते म्हणाले, वसंतात घर बदललं तेव्हापासून पाठवीन पाठवीन म्हणतेय, सामान लागलं की पाठवीन. मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. “का हो? काही झालंय का?” मलाही ती हेच म्हणाली होती, सामान लागलं की कळवते. इथल्या चौकीतल्या पोलिसाने माझं सगळं नीट ऐकून घेतलं, तोक्योला फोनही केला, पण स्टुडिओकडून पत्ता मागवायला लेखी अर्ज आणि दिवस लागणार होते, आणि पत्त्याशिवाय त्या दोघांत फक्त एकमेकांची माफी मागणं चाललं होतं.

काल संध्याकाळी मी चौथा भाग पुन्हा लावला. पेज भरवण्याचं दृश्य. बघताना मिनामोच्या मागची खिडकी दिसली आणि आठवलं की परीक्षणात मी तिची थट्टा केली होती. बेटावरच्या घराच्या खिडकीतून रेल्वेचं फाटक दिसतंय, या बेटावर रेल्वे कधी आली, असं मी लिहिलं होतं, आणि तुम्हीही त्यावर खूप हसला होता. मागची चित्रं रंगवणारे वेगळे असतात, पण खिडकीत काय असेल, कुठून दिसेल, याचा पहिला आराखडा कट काढणाराच देतो. बेट शोधायला, फोटो बघायला वेळ असला तर माणूस बेट काढतं. वेळ नसला की समोर असेल ते काढतं. मी दृश्य थांबवलं. खाली डावीकडे फाटकाचा पट्ट्यापट्ट्यांचा दांडा. त्याच्या मागे उतार. उताराच्या टोकाला सार्वजनिक स्नानगृहाची उंच चिमणी, तिला तीन लोखंडी कडी, वरचं एक निसटून तिरपं बसलेलं. खिडकीला लागून पर्सिमनचं झाड आणि त्याच्या फांदीवर अडकलेला कुणाचातरी निळा मोजा. बेटाच्या गोष्टीत निळ्या मोज्याचं काय काम? मी कितीतरी वेळ त्या खिडकीशी बसले होते, ती बसते त्या जागी, तिच्या डोळ्यांनी बाहेर बघत. पेन्सिलचा आणि गरम काचेचा वास येतोय असं वाटत होतं. मान वळवली तर ती दिसेल असं वाटत होतं. मान वळवली तर नाहो होती, तापात ओठ पुढे करून काहीतरी ओढून घेत होती.

आज सकाळचं विमान मी घेतलं होतं. शिन्याने रजा टाकली, मी बॅग भरली, नाहोने माझा गुडघा धरून ठेवला. विमानतळावर नुसतं धुकं होतं, खुर्च्यांपर्यंत आत आलेलं, आणि त्यात माणसं आपापल्या पिशव्या सांभाळत बसली होती. दुपारी सांगितलं की आज काही सुटणार नाही, उद्याचंही नक्की नाही. बसने साप्पोरो, तिथून विमान, असा विचार केला, तेवढ्यात शिन्याचा फोन आला की नाहोचा ताप चढलाय, पाणीसुद्धा पीत नाही, दवाखान्यात नेतोय. मी घरी परतले. आता ती माझ्या मांडीवर आहे, सलाईन लावून आणलंय, झोपलीय. एका हाताने हे लिहितेय. एक मूल आहे ज्याच्या नाकाखाली मी बोट धरू शकते, आणि एक माणूस आहे ज्याच्यासाठी मी दुसऱ्या कुणाचं तरी बोट मागतेय.

तर ऐका. तुमच्यातले पुष्कळ जण तोक्योत राहतात, काही त्याच बाजूला, जिथे हे सगळे स्टुडिओ आहेत. घर बदलताना ती म्हणाली होती की नेरिमातच आहे, गाडी फिरते त्या वाटेवर, फक्त जुन्या घरापासून दोन स्टेशनं पलीकडे. वर लिहिलेली चिमणी तुमच्या ओळखीची असेल. रोज ज्या फाटकाशी सायकल थांबवता ते हेच असेल. दृश्य चौथ्या भागात मध्यंतराच्या जरा आधी आहे, थांबवून बघा. वरच्या मजल्याचं घर असणार, फाटक खाली दिसतंय म्हणून. दाराच्या कडीला कदाचित स्टुडिओची नवी पिशवी लटकत असेल. तिचं आडनाव मी इथे लिहीत नाही, पण शेवटच्या नावांत ‘कानाए’ एकच आहे, तुम्हाला सापडेल. सापडलं तर आजच जा, सोमवारपर्यंत थांबू नका. घरमालक शेजारी असेल तर त्याला बरोबर घ्या, आणि आत दिवा असून हालचाल नसेल तर तिथूनच पोलिसांना फोन करा. आता त्यांना पत्ता सांगता येईल.

ती दारात आली तर चिडेल. तिचे केस भयंकर असतील, ती तुम्हाला वेळ विचारेल आणि मग वार विचारेल. चिडू द्या, ओरडू द्या, तुम्ही कोण, कुणी पाठवलं म्हणून भांडू द्या, आणि ती जे जे बोलेल ते मला इथे खाली लिहा, शिव्यांसकट. तिचा राग संपेपर्यंत तिथून हलू नका. बरोबर काहीतरी गरम खायचं न्या. आणि पहिल्या बेलला दार उघडणार नाही, तिच्या कानांवर हेडफोन असतात. म्हणून एकदा वाजवून, झोपली असेल, त्रास कशाला, असं म्हणून परत फिरू नका. पुन्हा वाजवा.